पक्षनिधीचा हिशेब कोणाला द्यावयाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज सकाळच्या चर्चेत एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून एक प्रश्न विचारला. त्याच्या गावी नगरपालिकेची निवडणूक आपण लढविणार आहोत. बांधकामाचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने पक्षाला देणगी देऊ केली आहे. रोख नव्हे, धनादेशाने. पावती घेऊन, कोणतीही अट न घालता. ती घ्यावी की न घ्यावी? प्रश्न ऐकताच काहीजण हसले. एकाने तर ‘हा प्रश्न समाजवादी पक्षाच्या शिबिरात विचारावयाचा काय?’ असे म्हणून त्याला खाली बसविण्याचा प्रयत्न केला. मला तो प्रश्न प्रामाणिक वाटला. ज्या कार्यकर्त्याच्या हाती दोन पावतीपुस्तके आहेत आणि ज्याच्यासमोरचा उमेदवार प्रत्येक प्रभागात रोज जेवणावळी घालीत आहे, त्याला हा प्रश्न पडणारच. त्याला दटावून प्रश्न सुटत नाही. म्हणून आजच्या भाषणाचा ठरलेला विषय, म्हणजे पक्षांच्या आणि उमेदवारांच्या पैशाचे नियमन, मी या प्रश्नाच्याच अनुरोधाने मांडणार आहे आणि शेवटी त्याला सरळ उत्तर देणार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. कंपन्यांनी राजकीय पक्षांना पैसा द्यावा की नाही, हा वाद आपल्या देशात नवा नाही, आणि त्याची पहिली मोठी सुनावणी आपल्या मुंबईतच झाली. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती केली. एका भागधारकाने तिला हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आले. तत्कालीन कायद्यात अशा देणगीला बंदी नव्हती, म्हणून न्यायालयाने कंपनीला परवानगी दिली. परंतु परवानगी देतानाच छागला यांनी असा इशारा दिला की हा धोका झपाट्याने वाढत जाईल आणि एके दिवशी लोकशाहीचा गळा आवळील. म्हणून संसदेने याचा वेळीच विचार करावा. हा इशारा कोणा समाजवादी वक्त्याने चौकातल्या सभेत दिलेला नव्हता. तो उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेला आहे.

संसदेने विचार केला तो असा. १९६० साली कंपनी कायद्यात २९३-अ हे कलम घालण्यात आले. त्यान्वये कंपनीला पंचवीस हजार रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती देता येऊ लागली. १९६४ साली भ्रष्टाचार प्रतिबंधासंबंधीच्या संथानम समितीने कंपन्यांच्या देणग्यांवर संपूर्ण बंदी घालावी अशी शिफारस केली. बंदी आली ती १९६९ साली. कोणत्या हेतूने आली याविषयी मतभेद आहेत. १९६७ च्या निवडणुकीत उद्योगपतींचा पैसा सत्ताधारी पक्षाखेरीज इतर पक्षांकडेही वळू लागला होता, हे त्या काळाचे कोणीही निरीक्षक सांगतील. हेतू काहीही असो, बंदी तत्त्वतः योग्य होती. पण बंदी घालणाऱ्या सरकारने तिच्या जोडीला जे करावयास हवे होते ते काहीच केले नाही. निवडणुकीचा खर्च कमी करण्याचा उपाय नाही, पक्षांच्या हिशेबाची सक्ती नाही, सार्वजनिक निधीची सोय नाही. परिणाम असा झाला की समोरचा दरवाजा बंद होऊन मागचा उघडला. पक्षांच्या स्मरणिका निघू लागल्या आणि त्यांत कंपन्यांच्या पानपानभर जाहिराती येऊ लागल्या. ज्यांना जाहिरातही नको होती त्यांनी रोख रक्कम पोचविली. परमिट आणि कोटा देणारा हात आणि निधी घेणारा हात एकच झाला.

महाराष्ट्राने याचे उदाहरण फार जवळून पाहिले आहे. त्या काळी सिमेंट नियंत्रित होते. मुख्यमंत्री अंतुले यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या न्यासाला मिळालेल्या देणग्या आणि बांधकाम व्यावसायिकांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांचा संबंध १९८१ साली वृत्तपत्रांनी उघड केला. जनता पक्षाचे प. बा. सामंत न्यायालयात गेले, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांनी हा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. अंतुले यांना पद सोडावे लागले. पुढची फौजदारी कारवाई वर्षानुवर्षे रेंगाळली. त्या प्रकरणातील निधी पक्षाचा नव्हता, न्यासाचा होता. पण सत्तेकडून काही हवे असलेल्याने सत्ताधाऱ्याच्या संस्थेस पैसा द्यावयाचा, ही रीत तीच होती. कंपन्यांच्या देणग्यांवर कायद्याने बंदी असतानाचा हा काळ आहे. म्हणून जो मनुष्य नुसत्या बंदीवर समाधान मानतो त्याला मी हे प्रकरण वाचावयास सांगतो.

१९८५ साली राजीव गांधींच्या सरकारने बंदी उठवून पाच टक्क्यांची मर्यादा पुन्हा आणली. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्याने ती साडेसात टक्के केली. मात्र या दोन्ही कायद्यांत कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले हे आपल्या ताळेबंदासोबत जाहीर करण्याचे बंधन होते. त्या बंधनाचे पुढे काय झाले ते मी थोड्याच वेळात सांगतो.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाकडे वळू. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घालण्याची कल्पना आपल्याकडे ब्रिटनच्या १८८३ सालच्या कायद्याच्या परंपरेतून आली. त्या काळी निवडणूक उमेदवार आपल्या मतदारसंघात लढवीत असे आणि पक्षाचा मध्यवर्ती प्रचार नाममात्र होता. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाने उमेदवाराने हिशेब ठेवावा आणि मर्यादेबाहेर खर्च करू नये असे ठरविले; मर्यादाभंग हा भ्रष्ट आचार ठरतो आणि निवड रद्द होऊ शकते. कागदावर हे कलम कडक आहे. पण पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरावयाचा की नाही? या एका प्रश्नावर सारा कायदा उभा आहे आणि याच प्रश्नावर तो कोसळला.

ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या प्रकरणात निर्णय दिला की पक्षाने उमेदवारासाठी, त्याच्या संमतीने केलेला खर्च हा उमेदवाराचाच खर्च होय. न्या. भगवती यांची विचारसरणी साधी होती. मर्यादेचा उद्देश पैशाच्या बळावर निवडणूक जिंकता येऊ नये हा आहे. मग तो पैसा उमेदवाराच्या खिशातून आला की पक्षाच्या तिजोरीतून, याने काय फरक पडतो? दिल्लीतील काँग्रेस खासदाराची निवड या निकालाने रद्द झाली. देशभर किती निवडी धोक्यात आल्या असतील त्याची कल्पना करा. त्याच महिन्यात राष्ट्रपतींचा अध्यादेश निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला: पक्षाने, मित्राने किंवा अन्य कोणी केलेला खर्च उमेदवाराचा मानला जाणार नाही. न्यायालयाने बुजविलेले भगदाड सरकारने दोनतीन आठवड्यांत पुन्हा पाडले, आणि यावेळी कायद्याच्या संरक्षणात पाडले.

हे घडत असताना जयप्रकाशांचे आंदोलन चालू होते. बिहारच्या रस्त्यावर उतरलेल्या त्या माणसाने निवडणूक सुधारणांचा अभ्यासही हाती घेतला होता, हे आपण पुष्कळदा विसरतो. त्यांनी न्या. वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सासवडला जन्मलेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले तारकुंडे यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये अहवाल दिला. मान्यताप्राप्त पक्षांनी उत्पन्नाच्या मार्गांसह संपूर्ण हिशेब ठेवावेत, ते तपासले जावेत आणि कोणाही नागरिकाला पाहता यावेत, ही त्यातली एक मुख्य मागणी होती. चार महिन्यांनी आणीबाणी आली. त्या मागणीला आता अर्धशतक होऊन गेले आहे आणि ती अजूनही मागणीच आहे.

२००३ साली १९७४ ची सूट बरीच आकुंचित करण्यात आली. आता पक्षनेत्यांच्या प्रवासाचा खर्च तेवढा उमेदवाराच्या हिशेबातून वगळला जातो. पण उमेदवाराचे नाव न घेता पक्षाने केलेल्या सर्वसाधारण प्रचाराचे काय? त्याचे विवरण पक्षाने निवडणूक आयोगाला द्यावयाचे असते. मात्र तो किती असावा याला कायद्यात मर्यादा नाही. ज्या ब्रिटनकडून आपण ही पद्धत घेतली, त्या ब्रिटनने २००० साली पक्षांच्या राष्ट्रीय खर्चालाही मर्यादा घातली. आपण मात्र १८८३ मध्येच थांबलो आहोत.

उमेदवाराच्या मर्यादेचे आकडे पाहा. १९७१ साली बहुतेक राज्यांत लोकसभेसाठी ती ३५ हजार रुपये होती. २०१४ साली मोठ्या राज्यांत ती ७० लाख झाली आणि २०२२ पासून ९५ लाख आहे; विधानसभेसाठी ४० लाख. गोव्यासारख्या लहान राज्यात लोकसभेला ७५ आणि विधानसभेला २८ लाख. महागाई वाढली हे मान्य. तरीही महिना पंधरा हजार रुपये मिळविणाऱ्या कामगाराने एक पैसाही न खाता साठवावयाचा म्हटले, तर ९५ लाख जमविण्यास त्याला बावन्न वर्षांहून अधिक काळ लागेल. कायद्याने अधिकृत ठरविलेली ही रक्कम आहे. तिच्या बाहेरची वेगळी.

ती बाहेरची किती असते? जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात सांगून टाकले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला खर्च आठ कोटी रुपये झाला. त्या वेळी मर्यादा होती पंचवीस लाख. आयोगाने त्यांना नोटीस बजावली आणि मोठा गदारोळ झाला. मला त्या गदारोळाचे आश्चर्य वाटले होते, कारण मुंडे जे बोलले ते प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक होते. त्यांनी ते मोठ्याने म्हटले एवढाच त्यांचा अपराध. अशोक चव्हाण यांच्या २००९ च्या भोकर येथील निवडणुकीत वर्तमानपत्रांतून छापून आलेल्या मजकुराच्या खर्चाचा वाद निघाला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की उमेदवाराचा हिशेब वेळेवर आला की नाही एवढेच नव्हे, तर तो खरा आहे की नाही हेही आयोगाला तपासता येते. आयोगाने जुलैत चव्हाण यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कोण बरोबर होते यात मी शिरत नाही. निवडणुकीनंतर पाच वर्षांनी, म्हणजे पुढची निवडणूक तोंडावर आल्यानंतर, मागच्या निवडणुकीच्या हिशेबाचा वाद संपतो, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

याचा परिणाम काय होतो तो आपण आपल्या जिल्ह्यात पाहतोच. उमेदवारी मागणाऱ्याला पूर्वी विचारीत, ‘काम काय केलेस?’ आता पहिला प्रश्न असतो, ‘किती घालणार?’ शेतमजुरांत वीस वर्षे काम केलेली बाई या प्रश्नापाशीच मागे फिरते. साखर कारखाना, शिक्षणसंस्था किंवा जमिनीचा व्यवहार ज्याच्या हाती आहे तो पुढे जातो. घटना समितीतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या ज्या विसंगतीचा इशारा दिला होता, ती विसंगती अशी रोज उमेदवारीच्या मुलाखतीत हजर असते.

आता देणग्यांच्या कायद्याकडे परत येऊ. २००३ साली एक चांगली तरतूद झाली. वर्षभरात वीस हजार रुपयांहून अधिक देणाऱ्याची नावे पक्षांनी निवडणूक आयोगाला कळवावीत, असे २९-क कलमाने सांगितले. तिच्यातली पळवाट सर्वांना दिसत होती: रक्कम वेगवेगळ्या नावांवर वाटली की काम झाले. तरी दिशा बरोबर होती. २०१७ साली ही दिशा उलटी फिरविण्यात आली. त्या वर्षीच्या वित्तविधेयकाने एका हाताने निनावी रोख देणगीची मर्यादा दोन हजारांवर आणली, आणि त्याची पुष्कळ जाहिरात झाली. दुसऱ्या हाताने तीन गोष्टी केल्या. कंपन्यांच्या देणगीवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली. कोणत्या पक्षाला पैसे दिले हे सांगण्याचे कंपन्यांवरील बंधन काढून टाकले. आणि निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली. नफ्याची मर्यादा गेल्यामुळे तोट्यातली कंपनीही कितीही रक्कम देऊ शकत होती. तोट्यातली कंपनी देणगी कोठून देते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही नागरिकाला उरला नाही. रिझर्व्ह बँकेने हरकत घेतली होती, निवडणूक आयोगाने हे मागे नेणारे पाऊल आहे असे सरकारला लेखी कळविले होते. राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या.

रोख्यांची योजना २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झाली. स्टेट बँकेत जाऊन एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा घ्यावयाचा, तो पक्षाला द्यावयाचा आणि पक्षाने पंधरा दिवसांत वटवावयाचा. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नाही. सरकारचे समर्थन असे होते की देणगीदाराला विरोधी पक्षाच्या सूडाची भीती वाटू नये म्हणून ही गुप्तता. हे समर्थन क्षणभर खरे मानू. पण गुप्तता कोणापासून? बँकेपाशी खरेदीदाराची संपूर्ण ओळख होती, बँक सरकारच्या मालकीची होती, आणि प्रत्येक रोख्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक होता. तपास यंत्रणांना माहिती मागविण्याची सोय योजनेतच होती. ज्याला ही माहिती मिळण्याचा कोणताही मार्ग नव्हता तो एकटा मतदार. सूडाची शक्ती ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी पडदा पातळ आणि ज्याच्याकडे फक्त एक मत आहे त्याच्यासाठी जाड, अशी ही गुप्तता होती.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. निकालाचे दोन पाय आहेत आणि ते दोन्ही कार्यकर्त्यांनी समजून घ्यावेत. पहिला असा की पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे; देणारा आणि घेणारा यांच्यात देवाणघेवाण झाली का, हे त्याशिवाय त्याला पारखता येणार नाही. दुसरा असा की कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभा देणे हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. म्हणजे साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचे नाव सांगण्याचे बंधन ही दोन्ही परत आली. स्टेट बँकेने माहिती देण्यास ३० जूनपर्यंत मुदत मागितली. तोवर लोकसभेची निवडणूक उरकली असती. न्यायालयाने ती मुदत नाकारली, आणि मार्च २०२४ मध्ये यादी लोकांपुढे आली.

एकूण सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. एप्रिल २०१९ नंतरच्या ज्या काळाची यादी प्रसिद्ध झाली त्यात भारतीय जनता पक्षाला सहा हजार कोटींहून अधिक, तृणमूल काँग्रेसला सुमारे सोळाशे कोटी आणि काँग्रेसला सुमारे चौदाशे कोटी मिळाले. सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीचा धंदा करणारी कंपनी होती. तिची खरेदी तेराशे कोटींच्या वर होती. दुसऱ्या क्रमांकावर सरकारी कंत्राटे घेणारी बांधकाम कंपनी. तपास यंत्रणांच्या धाडी आणि रोख्यांच्या खरेदीच्या तारखा वृत्तपत्रांनी शेजारी शेजारी मांडल्या. त्यांतील प्रत्येक व्यवहार लाच होता असे मी म्हणणार नाही, कारण ते सिद्ध झालेले नाही. स्वतंत्र तपास पथकाची मागणीही न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केली नाही. पण डाव्या पक्षांनी आपण रोखे घेणार नाही असे जाहीर केले होते, आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष तर या योजनेविरुद्ध न्यायालयात गेला होता, ही गोष्ट नोंदविली पाहिजे. नकार देणे अशक्य नव्हते.

आणखी एक प्रकरण सांगतो, कारण ते रोख्यांच्या गोंधळात विसरले गेले. परदेशी पैसा पक्षांनी घेऊ नये असा कायदा १९७६ पासून आहे. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की वेदांत समूहातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी या कायद्याचा भंग केला आहे. त्यांतील एक कंपनी गोव्याच्या खाणींतली होती. मग काय झाले? २०१६ आणि २०१८ च्या वित्तकायद्यांनी परदेशी स्रोताची व्याख्याच बदलण्यात आली, आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९७६ पर्यंत मागे जाऊन. सभागृहात रोज एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन पक्षांचा अपराध एकाच ओळीत धुऊन निघाला. शेतकऱ्याच्या कर्जाच्या व्याजाला पूर्वलक्षी प्रभाव देता येत नाही असे आपल्याला नेहमी सांगण्यात येते.

रोखे गेले म्हणून प्रश्न संपला असे मानू नका. २०१३ पासून निवडणूक न्यासांची वाट आहेच. कंपन्या न्यासाला देतात, न्यास पक्षांना वाटतो. नावे प्रसिद्ध होतात, हा मोठा फरक आहे. परंतु कोणाच्या पैशाच्या बदल्यात काय मिळाले ते न्यासाच्या यादीतून कळत नाही. रोख पैसा तर कधी गेलाच नव्हता.

मग आपली भूमिका काय असावी? मी पाच मागण्या मांडतो. त्यांवर शिबिरात चर्चा व्हावी.

पहिली, पक्षाच्या निवडणूक खर्चाला कायद्याने मर्यादा घालावी. ती नसेल तर उमेदवाराची मर्यादा ही केवळ गरीब उमेदवारापुरतीच उरते. दुसरी, कंपन्यांच्या देणग्या बंद कराव्यात. कंपनी ही नागरिक नव्हे, तिला मत नाही. तिचा पैसा भागधारकांचा आणि कामगारांच्या श्रमाचा आहे, आणि संचालक मंडळाने तो कोणत्या पक्षाला द्यावा हे त्यांपैकी कोणी ठरविलेले नसते. तिसरी, पक्षांच्या हिशेबाची तपासणी पक्षाने निवडलेल्या तपासनीसाने नव्हे, तर स्वतंत्र यंत्रणेने करावी. चौथी, निवडणुकीच्या हिशेबाचे वाद सहा महिन्यांत संपले पाहिजेत.

पाचवी मागणी सार्वजनिक निधीची. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने वस्तुरूपाने मदत द्यावी असे सुचविले. मतदारयाद्या, आकाशवाणी आणि दूरदर्शनवरील वेळ या रूपाने काही मदत आजही मिळते. आपल्यातले काहीजण म्हणतात, सगळाच खर्च सरकारने करावा. मी त्याच्या विरुद्ध आहे. ज्या पक्षाला सरकारी तिजोरीतून सारे मिळते त्याला कार्यकर्त्याची आणि वर्गणीदाराची गरज उरत नाही. जर्मनीची पद्धत अधिक विचार करण्यासारखी आहे. तेथे व्यक्तींनी दिलेल्या देणग्यांवर, ठराविक रकमेपर्यंत, सरकार आपली भर घालते. आणि सरकारी मदत पक्षाने स्वतः जमविलेल्या उत्पन्नाहून अधिक असता कामा नये अशी अट आहे. म्हणजे जो पक्ष दारोदार जाऊन लहान वर्गणी गोळा करील त्यालाच सार्वजनिक पैसा मिळेल. आपल्या कार्यपद्धतीला हे मानवणारे आहे.

बंदीविरुद्धचा आक्षेप मला ठाऊक आहे: १९६९ चाच अनुभव पुन्हा येईल, पैसा काळा होईल. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी पाचही मागण्या एकत्र मांडतो. १९६९ ची चूक बंदी घालण्यात नव्हती, ती एकटी घालण्यात होती. खर्चाची मर्यादा, स्वतंत्र तपासणी आणि लहान देणगीला सार्वजनिक जोड असेल, तर काळ्या पैशाची गरजही कमी होईल आणि तो लपविणेही कठीण होईल.

मित्रहो, या मागण्या इतरांकडे करण्याआधी आपल्या घरात डोकावले पाहिजे. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. त्याची अंमलबजावणी झाली नाही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या बाबतीत एका सुरात बोलले, आणि दुःखाची गोष्ट अशी की डावेही त्या सुरात होते. अंतर्गत चर्चा गुप्त राहाव्यात हे मी समजू शकतो. पण पैशाचा हिशेब ही अंतर्गत चर्चा नव्हे. आणि आपण? आपल्या किती तालुका समित्यांनी गेल्या वर्षीचा जमाखर्च सभासदांपुढे वाचला? किती पावतीपुस्तके परत आली? हात वर करावयास मी सांगत नाही. ज्याचे त्याने मनाशी उत्तर द्यावे.

माझ्या उमेदीच्या काळात आमच्या गावच्या शाखेचे खजिनदार व्यवसायाने शिंपी होते. दर महिन्याचा हिशेब ते दुकानाच्या दाराशी टांगीत. रस्त्याने जाणाऱ्या कोणीही वाचावा. एकदा बाजारातल्या एका व्यापाऱ्याने पन्नास रुपये दिले आणि नाव लिहू नका म्हणून सांगितले. त्या वेळी आमची महिन्याची सारी वर्गणीही तेवढी होत नसे. खजिनदारांनी नोट परत केली. आम्ही तरुण मंडळी त्यांच्यावर चिडलो. ते म्हणाले, ‘नाव नसलेला पैसा मला कोणत्या रकान्यात लिहावयाचा ते सांगा, मी लिहितो.’ आम्हाला सांगता आले नाही. ती निवडणूक आम्ही हरलो. पण पुढे कित्येक वर्षे त्या गावात वर्गणी मागताना आम्हाला कोणी ‘पैसे जातात कोठे?’ असे विचारले नाही.

आता सकाळच्या प्रश्नाचे उत्तर. ती देणगी घेऊ नये. धनादेश आहे, पावती आहे, नाव आहे, म्हणजे कायद्याची हरकत नसेल. पण उद्या आपले चार नगरसेवक निवडून आले आणि त्या कंपनीच्या बांधकाम परवानगीचा कागद त्यांच्यापुढे आला, तर ते काय करतील? त्यांनी प्रामाणिकपणे होकार दिला तरी गाव म्हणेल, पैसे फिटले. आणि नकार दिला तर कंपनी विचारील, पैसे घेताना का नाही बोललात? अट घातलेली नसते तेव्हाच ती सर्वांत जड असते.

परंतु ‘घेऊ नका’ एवढे सांगून मला व्यासपीठावरून उतरता येणार नाही. त्या कार्यकर्त्याला तिकडे दोन पावतीपुस्तकांसह एकटे सोडून आपण तत्त्वे सांगणे हा अन्याय होईल. म्हणून माझी सूचना अशी की या शिबिराला आलेल्या प्रत्येकाने येत्या महिन्यात त्याच्या गावी दोन दिवस जावे, त्याच्याबरोबर घरोघर फिरावे आणि दहा-वीस रुपयांच्या पावत्या फाडाव्यात. निवडणूक संपल्यावर जमा आणि खर्च यांचा तक्ता गावच्या चौकात लावावा. कंपनीच्या एका धनादेशाएवढी रक्कम जमेल असे वचन मी देत नाही. बहुधा जमणार नाही. मात्र जी जमेल तिचा हिशेब कोणाला द्यावयाचा हे आपल्याला ठाऊक असेल.

दौऱ्यासाठी नावे नोंदविण्याची वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव मी लिहिले आहे.